हौशी मढी

सोसायटीच्या वाचनालयात मी बाईंना विचारलं, "झोंबींवर काही आहे का हो?" बाईंनी रजिस्टरमधून मान वर न काढता बोट दाखवलं. "तिसरं कपाट, वरचा कप्पा. आनंद यादव."

मी पुस्तक मुकाट्याने घरी आणलं. १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली कादंबरी कुणी हातात ठेवली असताना "ही नको, मला मेलेली माणसं हवीत," असं म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नाही. शाळेसाठी बापाशी आणि गरिबीशी झगडणाऱ्या पोराची ती गोष्ट वाचून मी चांगला रडलो. ज्या कामाला गेलो होतो, ते काम मात्र राहिलंच.

दोष बाईंचा नाही, भाषेचा आहे. मराठीत झोंबी म्हणजे झटापट. शिवाय मिरची झोंबते, वारा झोंबतो, वहिनींचं बोलणं झोंबतं. थडग्यातून उठून आलेला इंग्रजी झोंबी मात्र कुणाला झोंबेल असं वाटत नाही. दोन्ही हात पुढे करून, एक पाय फरफटत, लग्नाच्या वरातीच्या वेगाने तो येत असतो. त्याच्यापासून पळायचीही गरज नाही, जरा भरभर चाललं तरी पुरे. तरीही सिनेमातली नायिका पळते. पळते आणि सपाट जमिनीवर, काही कारण नसताना पडते. ती पडते तेव्हा मला जो आनंद होतो, त्याबद्दल हा लेख आहे.

नीट सांगतो. मला झोंबीपट आवडतात. त्यातही वाईट, त्यातही पैसे नसल्यामुळे वाईट झालेले. ज्यात मढ्याची छाती वरखाली होते. ज्यात नायकाच्या डाव्या गालावरची जखम पुढच्या दृश्यात उजव्या गालावर जाते आणि त्याच्या पुढच्या दृश्यात बरी होते. शनिवारी रात्री घरातली सगळी झोपली की मी आणि माझा मेहुणा टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो. मेहुणा पुलांचा इंजिनिअर, त्यामुळे त्याला शंका फार. "मेलेल्याला पचन कसं होईल?" "मेंदू कुजलाय, तर दार ढकलायचं की ओढायचं हे याला कसं कळतं?" मी त्याला सांगतो, की दार ढकलायचं की ओढायचं हे बँकेत मलाही कळत नाही, आणि माझा मेंदू अजून बरा आहे.

आईची शंका जास्त मुळावरची. आई मालवणकडची. एकदा रात्री पाणी प्यायला उठली, पडद्यावरच्या मढ्याकडे पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "झिला, हेका व्हया तरी काय?"

या एका प्रश्नाने पाश्चात्त्यांच्या भूतविद्येचा पायाच उखडतो. कोकणातल्या भुताला काहीतरी हवं असतं. मुंजाचं लग्न राहिलेलं असतं. समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला असतो. हडळीचं कुणाशी तरी जुनं काही बाकी असतं. देवचाराला वर्षाची राखण पोचवावी लागते. नारळ-कोंबडा झाला, गाऱ्हाणं घातलं, की तो आपल्या वाटेने आणि आपण आपल्या. प्रत्येकाला झाड आहे, हद्द आहे, आणि सगळ्यांच्या वर वेताळ हा साहेब आहे. अर्ज कुणाकडे करायचा, हे माणसाला माहीत असतं. झोंबीला नाव नाही, गाव नाही, मागणी नाही. नुसती भूक. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मगे ह्यां भूत न्हय. ह्यो पावणो." आणि झोपायला गेली.

आपल्याकडे हा पाहुणा फारसा रुजला नाही याचं आणखी एक साधं कारण आहे. आपल्याकडे माणूस गेला की बहुतेक घरांत त्याला जाळतात. उठून यायला मागे काही उरतच नाही. अस्थी उरतात, त्या नाशिकला रामकुंडात जातात, आणि भिजलेल्या राखेला चेहरा रंगवून घेता येत नाही.

झोंबीचं मूळ गाव हैती. तिथला मूळचा झोंबी माणसं खात नाही, तो काम करतो. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पिढ्याच्या पिढ्या फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबून मेल्या. त्यांना सगळ्यांत मोठी भीती ही, की मेल्यावरही सुटका झाली नाही तर? मांत्रिकाने थडग्यातून उठवलं आणि परत मळ्यावर नेलं तर? विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशाने १९२९ साली 'द मॅजिक आयलंड' या पुस्तकात तिथल्या झोंबीच्या गोष्टी लिहिल्या, आणि १९३२ साली बेला लुगोसीला घेऊन 'व्हाइट झोंबी' हा सिनेमा निघालासुद्धा. त्यात साखरेच्या गिरणीतलं एक दृश्य आहे. मढी मुकाट चरक फिरवतायत. एकाचा तोल जातो, तो आत पडतो, आणि बाकीचे थांबतसुद्धा नाहीत. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला या दृश्याचं हसू येत नाही. म्हणून पुढे जाऊ. विनोदी लेखात खरी भीती फार वेळ बसवून ठेवू नये.

माणसं खाणारा झोंबी पुढे ३६ वर्षांनी आला, आणि तो वर्गणीतून आला. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट काढून पोट भरणारा जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले. हे वाचलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे दहा जणांनी वर्गणी काढली की मंडळ होतं, मंडळात दोन गट होतात आणि तिसऱ्या वर्षी शेजारी दुसरा गणपती बसतो. या दहा जणांनी मात्र सिनेमा पुरा केला. खर्च वाढत वाढत १,१४,००० डॉलरच्या घरात गेला, पण हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चालून गेलं. मांस पुरवलं ते पैसे घातलेल्यांपैकीच एका खाटकाने. १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' लागला. सिनेमा उत्तम आहे, त्यामुळे आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाचा आहे तो त्यांचा घोळ.

सिनेमाचं आधीचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. ते बदलताना नव्या नावाची पाटी चिकटवली गेली आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ओळ नाही तर हक्क नाही. सिनेमा लागला तोच सार्वजनिक मालमत्ता होऊन. ड्रॅक्युलाला निदान वाली होता. त्याचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या विधवा बायकोने त्याच्यावरूनच बेतलेल्या १९२२च्या 'नोस्फेरातू'वर खटला घालून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. झोंबीला मागेपुढे कुणी नाही. असं बेवारस मढं दिसल्यावर त्याला खांदा द्यायला जगभरातून हौशी मंडळी धावली.

धावणारच. गरिबाला परवडेल असं भूत हे एवढंच. व्हॅम्पायरला सुळे लागतात, झगा लागतो, वाडा लागतो, वर खानदानी बोलणं लागतं. झोंबीला मैदा लागतो, आणि बोहारणीसाठी बाजूला काढून ठेवलेले कपडे. संवाद नाहीत, म्हणजे पाठांतर नाही. चालणं चुकलं तरी चालतं, किंबहुना चुकलेलंच चालणं हवं असतं. मार्क प्राइस या ब्रिटिश तरुणाने २००८ साली 'कॉलिन' नावाचा अख्खा झोंबीपट काढला आणि खर्च सांगितला ४५ पौंड. पुढच्या वर्षी तो कान महोत्सवाच्या वेळी तिथल्या सिनेमांच्या बाजारात दाखवला गेला. खर्चाच्या बाबी त्याने सांगितल्या त्या अशा: एक पहार, काही टेपा आणि चहा-कॉफी. मराठी हौशी रंगभूमीचा जमाखर्च ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. वाटलंच तर पहारीचं वाटेल.

मला न वाटण्याचं कारण आता सांगून टाकतो. मी स्वतः झोंबी होतो. तेव्हा त्याला तसं म्हणतात हे माहीत नव्हतं, इतकंच.

शाळेत असताना आमच्या आळीच्या गणेशोत्सवात ऐतिहासिक नाटक होतं. मला मावळ्याचं काम दिलं होतं, डावीकडून तिसरा. पहिल्या अंकात खिंडीत मी धारातीर्थी पडायचो आणि अंक संपेपर्यंत पडून राहायचो. भाद्रपद महिना, उघडा मंडप, समोर हॅलोजन. एक डास माझ्या नाकावर येऊन बसला. स्वराज्यासाठी मी तो जितका सोसता येईल तितका सोसला आणि मग फटकन चापट मारली. विंगेतून मास्तर दबक्या आवाजात ओरडले, "मेलायस तू!" ते दबकं ओरडणं माइकने सगळ्या आळीला ऐकवलं. नाटकातली पहिली टाळी तिथे पडली. तिसऱ्या अंकात मुघल कमी पडले, म्हणून मास्तरांनी मला दाढी चिकटवून मुघल केलं. मी भाला घेऊन रंगमंचावर पाऊल टाकलं आणि पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं किंचाळलं, "आई, हा मघाशी मेलाय!"

झोंबीची याहून नेमकी व्याख्या मी आजवर कुठल्याही कोशात वाचलेली नाही. मघाशी मेला, आणि माणसं कमी पडली म्हणून परत आला.

या व्याख्येवर सगळ्यांत खरा उतरतो तो एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. परग्रहवासी पृथ्वीवर येतात. त्यांचा नववा बेत असा, की पृथ्वीवरची मढी उठवायची. आधीच्या आठ बेतांचं काय झालं, ते आपण विचारायचं नाही. उठवतात किती? तीन. तीन मढ्यांच्या जोरावर पृथ्वीला धाक घालायला निघालेली ही मंडळी बघून मेहुणा हसून हसून सोफ्यावरून घसरला. मी हसलो नाही. आमच्या आळीत औरंगजेबाची दख्खन स्वारी सहा जणांत झाली होती.

त्या तीन मढ्यांतलं एक बेला लुगोसीचं, 'व्हाइट झोंबी'तल्याच. पण मधल्या काळात त्याची कारकीर्द संपली होती, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये तो स्वतःही संपला. वुडच्या हातात त्याचं काही मिनिटांचं चित्रीकरण तेवढं उरलं. दुसऱ्या कुणी सिनेमा गुंडाळला असता. वुडने बायकोचा कायरोप्रॅक्टर बोलावला, म्हणजे आपल्या भाषेत हाडवैद्य. हा गृहस्थ लुगोसीपेक्षा उंच, चेहऱ्यात काडीचं साम्य नाही. उपाय सोपा होता. त्याने झग्याचं टोक नाकापर्यंत धरून अख्खा सिनेमा काढला. जणू गावातला उधारीवाला दुकानदार समोरून येतोय. म्हणजे मेलेला नट, त्याच्या जागी उभा केलेला बदली, आणि दोघांनी मिळून केलेलं मेलेल्याचं काम. पोरगं ओरडायच्या आतच दिग्दर्शकाने व्याख्या पडद्यावर उभी केली होती.

पैसे बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींचे. त्यांना आधीचं, थडगी उकरणाऱ्यांचं नाव पसंत पडलं नाही, म्हणून वुडने नाव बदललं. इतकंच नाही, तर वुड आणि त्याच्या काही नटांनी बाप्तिस्माही घेतला. निर्मात्याच्या घरच्या सत्यनारायणाला पहिल्या रांगेत जाऊन बसणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत. पण हे त्याच्या फार पुढचं. इतकं करूनही स्मशानातली थडगी पुठ्ठ्याची ती पुठ्ठ्याचीच राहिली. माणूस शेजारून गेला की हलतात. एकाच पाठलागात दिवस असतो, रात्र होते, पुन्हा दिवस होतो. १९८० साली मेडवेड बंधूंनी 'गोल्डन टर्की' पुरस्कारांच्या पुस्तकात हा आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा म्हणून जाहीर केला. वुड त्याआधीच, १९७८ साली, गेला होता. मग १९९४ साली टिम बर्टनने 'एड वुड' हा सिनेमा काढला आणि त्याला दोन ऑस्कर मिळाले. त्यातलं एक लुगोसीचं काम करणाऱ्या मार्टिन लँडाउला. खुद्द लुगोसीला आयुष्यात एकही मिळालं नव्हतं.

इटालियन लोकांनी हा धंदा जास्त पद्धतशीर केला. रोमेरोचा दुसरा झोंबीपट इटलीत 'झोंबी' या नावाने लागला आणि चालला. लगेच १९७९ साली लुचो फुल्चीचा 'झोंबी २' हजर. पहिल्याशी संबंध शून्य. आपल्याकडे चालणाऱ्या हॉटेलासमोर 'न्यू' लावून दुसरं हॉटेल निघतं, तो प्रकार. पण या सिनेमात एक दृश्य आहे, ज्यासाठी फुल्चीला सगळं माफ. समुद्राच्या तळाशी झोंबी आणि शार्क यांची झोंबी लागते. शार्क खरा आहे. मढ्याच्या वेषात रामोन ब्राव्हो हा मेक्सिकन पाणबुड्या आहे, म्हणजे तोही खराच. खोटा आहे तो फक्त रंग. मेहुण्याला पहिल्यांदाच शंका आली नाही. "श्वासच घेत नाही, तर बुडेल कशाला? बरोबर आहे," तो म्हणाला. वाचनालयातल्या बाईंना मी हे दृश्य दाखवणार आहे. झोंबीने खरोखर झोंबी घेतलेली दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

त्याच सिनेमाच्या शेवटी मढी ब्रुकलिन पुलावरच्या पादचारी मार्गाने न्यूयॉर्कमध्ये शिरतात. रेडिओवर हाहाकार चाललेला. आणि त्याच चौकटीत, पायांखालच्या रस्त्यावरून, गाड्या एकामागून एक शांतपणे चालल्या आहेत. पूल बंद करवणं फुल्चीच्या ऐपतीबाहेरचं होतं. मेहुण्याने धंद्याच्या अनुभवावरून सांगितलं, "पूल बंद करायची परवानगी यायला सहा महिने लागतात. तेवढ्यात मढी पोचतात."

ब्रूनो मात्तेईच्या १९८०च्या 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये कमांडो आहेत. झोंबीच्या डोक्यातच गोळी घालायची असते, हे त्यांना सिनेमाच्या सुरुवातीलाच कळतं. तरी ते शेवटपर्यंत छातीवर गोळ्या घालत राहतात आणि परिणाम होत नाही म्हणून दरवेळी नव्याने चकित होतात. मध्येच दुसऱ्याच कुठल्या माहितीपटातलं जंगल येऊन जातं. एका रिकाम्या घरात एका कमांडोला नर्तिकेचा झालरीचा झगा सापडतो. तो चढवून तो नाचत सुटतो. घरात मढी आहेत हे माहीत असताना. का, ते मला चारदा बघूनही कळलेलं नाही. मात्तेईनेही श्रेयनामावलीत आपलं नाव व्हिन्सेंट डॉन असं लावलं आहे.

ज्याँ रोलँच्या १९८१च्या 'झोंबी लेक'मध्येही दिग्दर्शकाचं नाव खोटंच आहे. तिथे नाझी सैनिकांची मढी तळ्यातून वर येतात. ती हिरवी आहेत. हिरवी कुठवर? तर कॉलरपर्यंत. ज्याला ती धरतात त्यालाही थोडा हिरवा रंग लागतो, रंगपंचमीला लागावा तसा. पाण्याखालचं तळं हे उघड उघड पोहण्याचा तलाव आहे, भिंतीसकट. तळ्यावर येणाऱ्या तरुणी पोहण्याचा पोशाख हटकून घरी विसरून येतात. माझी बायको नेमकी त्याच वेळी खोलीत आली. मी झोंबीपटांचा अभ्यास करतोय, हे तिला त्या दिवशी जेवढं पटलं नाही, तेवढं आजवर पटलेलं नाही.

आपल्याकडे या घराण्याचे खरे वारस म्हणजे रामसे बंधू. 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) मध्ये गाडलेला नवरा उठून येतो. चित्रीकरण महाबळेश्वरला. कॅमेरा, आवाज, लेखन, संकलन, दिग्दर्शन सगळं सात भावांत वाटलेलं, स्वयंपाकाला घरच्या बायका. एका कुटुंबाने सहलीला निघावं आणि येताना भुताचा सिनेमा घेऊन यावं, असा तो संसार. नंतर 'गो गोवा गॉन' (२०१३) मध्ये झोंबी गोव्याला पोचले आणि २०२२ साली आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'ने ते डोंबिवलीत आणले. सकाळच्या फास्ट लोकलवरचा विनोद इथे यायला हवा, पण तो प्रत्येक डोंबिवलीकराने आधीच करून टाकला आहे. हे दोन्ही सिनेमे रीतसर पैसे घालून, नीट केलेले आहेत. म्हणून त्यांचं अभिनंदन, आणि म्हणूनच शनिवारी रात्री ते आम्ही लावत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. हल्ली मुद्दाम वाईट सिनेमे निघतात. लोकांना वाईट आवडतं ना, मग घ्या, असं म्हणून काढलेले. ते बघताना बागेतल्या हास्यक्लबात चुकून अडकल्यासारखं होतं. सगळे हसतायत, हसू कुणालाच आलेलं नाही. वाईट ठरवून करता येत नाही. चांगलं करायला जावं लागतं, आणि पैसे, वेळ, अक्कल यांपैकी काहीतरी वाटेत संपावं लागतं. एड वुडला खरंच वाटत होतं की आपण मोठं काही करतोय. आमच्या मास्तरांनाही वाटत होतं. त्या वाटण्याला मराठीत 'हौस' म्हणतात, आणि हौसेला मोल नसतं असंही आपणच म्हणतो. वाईट झोंबीपटाचा ताळेबंद या एका म्हणीत आटोपतो.

पैसा आला की काय होतं, ते 'वर्ल्ड वॉर झी'मध्ये (२०१३) बघावं. खर्च जवळजवळ १९ कोटी डॉलर. शेवट जमला नाही म्हणून तो पुन्हा चित्रित केला. त्यात जेरुसलेमच्या भिंतीवर हजारो झोंबी मुंग्यांसारखे एकमेकांच्या अंगावर चढत मनोरा रचतात. मनोरा कॉम्प्युटरवर केलेला आहे आणि बिनचूक आहे. त्यात एकही मढं चुकून हसत नाही. एकालाही डास चावत नाही. मला तो बघताना झोप लागली.

आता दुसरा मनोरा सांगतो. ज्यांनी 'वन कट ऑफ द डेड' पाहिला नसेल, त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळावा आणि थेट शेवटावर यावं. शिनइचिरो उएदा या जपानी दिग्दर्शकाने हा सिनेमा २०१७ साली काढला. सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेची कार्यशाळा, अनोळखी नट, खर्च ३० लाख येन. टोक्योतल्या छोट्या थिएटरात सहा दिवस लागला. नंतर कर्णोपकर्णी होत त्याने ३०० कोटी येनच्या वर धंदा केला. जपानी नावाचा अर्थ आहे 'कॅमेरा थांबवू नका!'. पहिली ३७ मिनिटं एका दमात घेतलेला झोंबीपट आहे आणि तो भिकार आहे. नट मध्येच गप्प होतात. काहीतरी विषय काढून वेळ काढतात. कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. मेहुणा म्हणाला, "हा तुझ्या आळीचा दिसतो."

मग सिनेमा मागे जातो आणि हे सगळं असं का झालं, ते दाखवतो. हा झोंबीपट टीव्हीवर थेट प्रक्षेपित होतोय, थांबता येत नाही. दोन नट अपघातामुळे पोचलेच नाहीत, म्हणून दिग्दर्शक आणि त्याची बायको स्वतः तोंडाला रंग लावून उभे राहिलेत. माणसं कमी पडली! एक मढं दारू पिऊन आडवं झालंय. त्याला मागून धरून चालवतायत आणि पडद्यावर ते अप्रतिम झोंबी दिसतंय. दुसऱ्याचं पोट बिघडलंय. शेवटचं दृश्य उंचावरून घ्यायचं, तर क्रेन मोडते. तेव्हा मढी, जिवंत, तंत्रज्ञ, हाताला लागेल तो प्रत्येक माणूस गुडघ्यांवर येतो आणि थर लावतो. वर दिग्दर्शकाची मुलगी कॅमेरा धरून. थर थरथरतो, दृश्य मिळतं. दहीहंडीला रस्त्यात उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघणाऱ्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

त्या रात्री आई शेवटपर्यंत बसली होती. ती दशावतार बघत मोठी झालेली. तिथे एकच बाकडं सिंहासन होतं आणि तेच डोंगरही होतं, आणि कुणी तक्रार करत नाही. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "आता कळला. ह्येंका नाटक करूचा हा." मढ्याला काय हवंय, या तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं आणि ते बरोबर आहे.

तेव्हा तुम्ही कधी एखादा वाईट झोंबीपट लावलात, आणि तुम्ही लावावा अशी माझी विनंती आहे, तर नायकाकडे बघू नका. तो काय करणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या मढ्याकडे बघा. ते कॅमेऱ्याकडे बघत असेल किंवा हसू दाबत असेल. बहुतेक त्याचा चहा यायचाय.